हशा थांबवणारी शेवटची पाच मिनिटं : विनोदी संगीत नाटकाचा ‘मोर्चा’ रंगमंचावर कसा बसवायचा

‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ हा वॉर्नर ब्रदर्सचा कृष्णधवल चित्रपट दीड तास हसवतो. महामंदीत काम गेलेल्या नाचणाऱ्या मुली, खिशात दमडी नसलेला निर्माता, गाणी रचणारा बड्या घरचा मुलगा आणि त्याला या ‘नादातून’ सोडवायला आलेला थोरला भाऊ. गैरसमज होतात, मिटतात, जोड्या जुळतात. इथे एखादं आनंदी गाणं वाजून खेळ संपायला हवा. त्याऐवजी सहा-सात मिनिटांचं ‘रिमेंबर माय फरगॉटन मॅन’ सुरू होतं. पहिल्या महायुद्धात लढलेले आणि आता रस्त्यावर आलेले सैनिक पावसातून, जखमी होऊन, शेवटी फुकट जेवणाच्या रांगेतून चालत राहतात. गाणं संपतं तिथेच चित्रपट संपतो. जोड्यांचं पुढे काय झालं, याबद्दल एक अक्षर नाही.

दिग्दर्शक मर्विन लरॉय, नृत्यप्रवेश बझ्बी बर्कलीचे, संगीत हॅरी वॉरनचं, शब्द ॲल डुबिनचे. १९३२ च्या उन्हाळ्यात माजी सैनिक युद्धातल्या सेवेबद्दल कबूल झालेला बोनस मागायला वॉशिंग्टनला जमले होते आणि जुलैत लष्कर पाठवून त्यांना हुसकावलं होतं. चित्रपट आला तेव्हा ही गोष्ट जेमतेम वर्षाची होती.

मुंबईतल्या हौशी मंडळांना आणि कॉलेजच्या एकांकिकावाल्यांना हा शेवट फार खुणावतो. नाटकवाल्यांवरचं नाटक, धमाल, आणि शेवटी एकदम गप्प करणारा मोर्चा. बसवायला घेतला की मात्र बहुतेक वेळा तो ‘सामाजिक संदेश’ होऊन बसतो आणि मागच्या रांगा पिशव्या आवरायला लागतात. खालचं सगळं गणित मोर्चात चालणारे १४ नट, भाड्याचे दिवे आणि मध्यम आकाराचा रंगमंच धरून केलं आहे.

आधी संहितेत पेरणी

शेवट अचानक यायला हवा, पण उपरा वाटता कामा नये. मूळ चित्रपटात ही पेरणी अगदी सुरुवातीला आहे. पहिलंच गाणं नाण्यांच्या पोशाखात, ‘आपण आता पैशात लोळतोय’ अशा अर्थाचं. आणि ते चालू असतानाच सावकारांच्या वतीने माणसं येऊन पोशाखासकट सगळं जप्त करतात. थोड्या वेळाने निर्माता पियानोवर एक सूर ऐकतो आणि त्याला पावसातून चालणारी माणसं डोळ्यांसमोर दिसायला लागतात. प्रेक्षक ते विसरतो. पण दीड तासाने तीच माणसं समोर आली की त्याला ती अनोळखी वाटत नाहीत.

तुमच्या संहितेत अशा दोन पेरण्या पुरतात, तिसरी केलीत तर प्रेक्षक आधीच ओळखतो. एक सुराची : नाटक कंपनीचा मॅनेजर आणि बेलिफ (जप्ती करायला आलेला कोर्टाचा माणूस) यांचं भांडण चालू असताना मागे कोणीतरी पेटीवर शेवटच्या गाण्याच्या दोन ओळी धरतो, कोणी लक्ष देत नाही. दुसरी माणसाची : चहाच्या टपरीशी उभा असलेला एक गडी, ज्याच्यावर एक हलका विनोद होऊन जातो. शेवटच्या प्रवेशात दिव्याच्या खांबाखाली तोच उभा असला पाहिजे. ज्याला हसलो तोच, हे प्रेक्षकाचं त्यानेच ओळखायचं. संवादातून सांगू नका.

हे विसरलेले लोक कोण, तेही इथेच ठरवा. अमेरिकेचे सैनिक तसेच ठेवायचे तर ठेवा, पण मग भाषा आणि कपडे शेवटपर्यंत तिथलेच. मुंबईचं करायचं तर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप समोर आहेच. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. परळ-लालबागच्या कामगार रंगभूमीवर हौसेनं उभे राहणारे नट याच गिरण्यांत पाळी करत होते, त्यामुळे ‘नाटकवाले’ आणि ‘बेकार’ यांची सांगड तिथे ओढूनताणून घालावी लागत नाही. दोन्हींची खिचडी मात्र करू नका. सैनिकाच्या टोपीखाली गिरणीचा डबा दिसला की प्रेक्षक अर्थ शोधत बसतो आणि गाणं निघून जातं.

चित्रपटात एक जागा शिकण्यासारखी आहे. पोलीस एका भटक्याला पकडायला येतो तेव्हा नायिका त्याच्या कोटाची बाजू उलटून आतलं पदक दाखवते. एक शब्द न बोलता माणसाचा सगळा भूतकाळ. गिरणीकामगारासाठी हजेरीचं कार्ड चालेल. पण लहान वस्तू दहाव्या रांगेच्या मागे दिसत नाही, म्हणून ती दाखवण्याची क्रिया मोठी हवी : बटण काढणं, कापड उलटणं, पोलिसाचा हात खाली येणं. प्रेक्षक वस्तू बघत नाही, पोलिसाचा हात बघतो.

गाण्याचा हक्क

मूळ चाल वापरू नका. आपल्या कायद्यात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. हॅरी वॉरन १९८१ मध्ये वारला, म्हणजे चाल अजून मोकळी झालेली नाही. शब्दांवर मराठी कलम करून चाल तीच ठेवली तरी अडचण तीच. तसंही त्या चालीवर मराठी अक्षरं नीट बसत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होते. स्वतःचं गाणं करा. कहरव्यात (आठ मात्रांचा ताल), एका आवर्तनाला चार पावलं. डफ आणि ढोलकी दोन्ही घेण्याचा मोह होतो. ढोलकी आली की पाय थिरकायला लागतात, म्हणून फक्त डफ आणि पेटी. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) पाठवताना गाण्याचे शब्दही सोबत जोडा, ते मागाहून बदलू नका.

सावलीचा पडदा

बर्कलीने शेवटच्या दृश्यात तीन मजली कमानी उभारल्या आहेत. त्यांवर सैनिकांच्या काळ्या आकृत्या उलटसुलट दिशांनी चालतात आणि पुढून बाकीचे प्रेक्षकांकडे येतात. हे बघून मंडळं लेव्हल (उंची देणारे लाकडी चौथरे) मागवतात. २५ पेक्षा कमी माणसं असतील तर लेव्हलचा नाद सोडा. स्पर्धेत मांडामांडीला मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत ते बोल्ट लावून होत नाहीत, आणि न बांधलेल्या लेव्हलवर दहा माणसं एका ठेक्यात पाय आपटू लागली की ते झुलायला लागतात. सुटीसुटी चाल त्यांना सोसते, कवायत सोसत नाही. वापरायचेच असतील तर दोन लेव्हल जिथे जुळतात तिथे सी-क्लॅम्प, पायांना तिरपी पट्टी, वर जाड जाजम (नाहीतर रिकाम्या खोक्यासारखा आवाज येतो) आणि कडेला पांढरी टेप.

कमी माणसांचं काम सावली करते. १८ फूट रुंद, १० फूट उंच मांजरपाट घ्या. जोड उभे यावेत असे शिवा. आडवा जोड चालणाऱ्या माणसाच्या कमरेतून रेघ मारतो. वर-खाली नळी घालायला खोळ, खाली लोखंडी नळी. बांबू हलका पडतो, पंख्याच्या वाऱ्यानेही कापड फुगतं. टांगल्यावर पाण्याचा फवारा मारून अर्धा तास सोडा, घड्या उतरतात.

दिवा एकच. हे कितीही सांगितलं तरी दोन लावले जातात, आणि मग प्रत्येक सैनिकाला दोन डोकी दिसतात. एलईडी पार (रंगमंचावरचा गोल डब्यासारखा दिवा) नको : त्यात सुटेसुटे बारीक दिवे असतात, प्रत्येकाची वेगळी सावली पडते आणि कडा केसाळ होते. भिंगाशिवायचा साधा हॅलोजन घ्या, किंवा एकच मोठी चिप असलेला एलईडी. कॉलेजचा प्रोजेक्टर पांढरा चौकोन दाखवत ठेवला तर त्याची सावली सगळ्यांत रेखीव येते, पण तो १८ फूट भरायला बराच मागे न्यावा लागतो.

दिवा कापडामागे ९ फुटांवर, मधोमध, आणि जमिनीला जितका टेकवता येईल तितका खाली. या शेवटच्या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे. दिवा तीन फुटांच्या स्टँडवर ठेवला तर सावलीची पावलं कापडाच्या खालच्या कडेच्याही खाली, जवळजवळ दहा इंच उतरतात. म्हणजे कवायत चालू आहे आणि बूटच दिसत नाहीत. जमिनीवर ठेवला की पावलं जमिनीवरच राहतात.

सावली किती मोठी पडेल याचा हिशेब सोपा आहे : माणसाची उंची गुणिले दिव्यापासून कापडाचं अंतर, भागिले दिव्यापासून माणसाचं अंतर. साडेपाच फुटांचा नट कापडापासून दोन फुटांवर, म्हणजे दिव्यापासून ७ फुटांवर चालला तर सावली सुमारे ७ फूट. दिव्यापासून ५ फुटांवर आला की जवळजवळ १०, म्हणजे कापड संपलं. त्यामुळे कापडामागे दोन फुटांवर पांढऱ्या टेपची सरळ रेघ मारा आणि सगळ्यांनी तिच्यावरूनच चालायचं. एखादा अर्धा फूट दिव्याकडे सरकला तरी त्याची सावली शेजाऱ्यापेक्षा अर्ध्या फुटाने उंच होते आणि गंभीर प्रवेशात पहिला हशा तिथे येतो.

चेहरा काटकोनात. किंचितही प्रेक्षकांकडे वळलं तर नाक, हनुवटी, हात सगळं एका गोळ्यात जमा होतं. दोन दिशांनी दोन रांगा सावलीत चालवू नका, एकमेकींत मिसळतात. उलटी दिशा हवी तर ती कापडाच्या पुढे चालणाऱ्यांना द्या. बंदुकीसाठी पुठ्ठ्याचा छेद पुरे. कुबडी, गळ्यात अडकवलेला हात, डोक्यावरचं बोचकं उत्तम दिसतं. पांढरी पट्टी सावलीत दिसतच नाही, ती पुढच्या माणसांना बांधा.

फेरा

माणसं संपत नाहीत असं वाटायला रांग गोल फिरली पाहिजे : कापडामागून उजवीकडे, विंगेत वळून दिव्याच्या मागून परत डावीकडे. वर दिलेल्या मापांत हा फेरा साधारण ५० फुटांचा होतो. माणसामाणसांत साडेतीन फूट ठेवले तर १४ जणांत तो बंद होतो, आणि कापडावर कायम चारेक जण दिसतात. १० जणच असतील तर अंतर ५ फूट करा. रांग विरळ दिसेल, पण तुटणार नाही. दिव्यामागे दोन फूट सोडून मग दीड फूट मोकळी वाट ठेवा आणि दिव्याची वायर पुढून न नेता मागे टेपने चिकटवा. अंधारात १४ माणसं ती ओलांडणार आहेत.

वेग मिनिटाला १०० पावलं, पाऊल दोन फुटी. परतीच्या, जखमींच्या भागात तो ७२ वर येतो आणि पाऊल दीड फुटी होतं. खरी गडबड इथे होते. कापडामागचे हळू होतात, दिव्यामागचे ‘आपण दिसत नाही’ म्हणून भराभर पुढे येतात, वळणावर पाच जण साचतात आणि कापड दहा सेकंद रिकामं राहतं. उपाय एकच : दिसो वा न दिसो, सगळे सारखेच चालणार. तालमीत आठ दिवस सोसायटीच्या हॉलमध्ये खडूने फेरा आखून, कापडाशिवाय, फक्त डफावर हे करा. पहिली पाच मिनिटं जागेवर पावलं. गाणं तोंडात आलं की निम्म्या लोकांचा उजवा हात उजव्या पायाबरोबर जायला लागतो. त्यासाठी आधी न गाता, मग गुणगुणत, मग शब्दांसह.

विनोदाकडून गाण्याकडे

शेवटच्या जोडीचा समेट झाला, मोठा हशा आला. पुढचे सहा-सात सेकंद सगळ्यांत अवघड. हशात गाणं सुरू केलंत तर पहिल्या दोन ओळी वाया. पूर्ण ब्लॅकआउट केलात तर टाळ्या पडतात, लोकांना खेळ संपला वाटतं. मुंबईचा प्रेक्षक तर टाळ्या वाजवतानाच खुर्चीखालची पिशवी चाचपत असतो, त्याला दादरहून गाडी पकडायची असते. एकदा अर्धा उठला की त्याला परत बसवणं गाण्याच्या बापालाही जमत नाही.

म्हणून अंधार करायचाच नाही. हशा ओसरू लागला की (पूर्ण संपायच्या आत) सगळा उजेड चार सेकंदांत खाली, आणि त्याच चार सेकंदांत रंगमंचाच्या एका कोपऱ्यात दिव्याचा खांब वर. जोड्या हसतहसतच विंगेत जातात, थबकत नाहीत. खांबाखाली एक बाई. टपरीवरचा तो माणूस येतो. चित्रपटात नायिका त्याला आपली सिगारेट देते. आपल्याकडे कटिंगचा ग्लास चालेल, अर्धा प्यायलेला. ती ग्लास पुढे करते, तो आधी इकडेतिकडे बघतो आणि मग घेतो. तो बघण्याचा क्षण गाळू नका.

पडदा ओढणाऱ्याला दोनदा सांगा, एकदा दुपारी आणि एकदा तिसऱ्या घंटेच्या आधी : समेटानंतर पडदा नाही. तो रोज एवढी नाटकं बघतो की शेवट कुठे असणार हे त्याच्या हाताला ठाऊक असतं, आणि तुमचा शेवट तिथे नाही.

चित्रपटात ही नायिका, जोन ब्लाँडेल, सुरुवातीचे शब्द गात नाही, नुसते बोलते. गाणं वर खिडकीत बसलेली गायिका एटा मोटन उचलते. ही वाटणी जशीच्या तशी घ्या. तुमची सर्वांत चांगली नटी आणि सर्वांत चांगला गळा एकाच बाईत क्वचितच असतात. बोलणारीने ताल सोडून बोलायचं, खाली पेटीचा एकच सूर. गाणारी वेगळ्या जागी, शक्यतो उंचावर, शक्यतो बसलेली. तिला कॉलर माइक लावलात तर गळ्यातलं मंगळसूत्र काढा किंवा ब्लाउजला पिनेने पक्कं करा, प्रत्येक श्वासाला खुळखुळतं. समूहासाठी वरून टांगलेले माइक बंदच ठेवा. त्यांत आवाजाआधी बूट येतात.

पुढचा हिशेब असा : बोलणं ४५ सेकंद, खिडकीतलं कडवं ३०, सावलीत ताठ कवायत ५०, पाऊस ४५, जखमी परत येतात ५०, रांग आणि शेवट ६०. एकूण चार मिनिटं चाळीस सेकंद. पाचच्या पुढे नेऊ नका. मूळ गाणं लांब आहे कारण कॅमेरा दर काही सेकंदांनी नवीन जागा दाखवतो. तुमच्याकडे एकच कापड आहे.

कवायतीच्या वेळी फुलं, कागदाचे तुकडे उधळायची हौस असते. उधळलेला कागद नंतरच्या चालण्यात पायाखाली येतो आणि जखमी सैनिक खरंच घसरतो. जयजयकार विंगेतून, नुसत्या आवाजाने. पाऊसही आवाजानेच. पत्र्याच्या ताटात तांदूळ फिरवले की छान पडतो. रेकॉर्ड केलेला लावायचा तर कुठल्या छपरावरचा आहे ते ऐकून घ्या. पत्र्यावरचा आणि कौलांवरचा पाऊस मुंबईच्या माणसाला डोळे मिटून वेगळा कळतो, आणि मोर्चा तर उघड्या रस्त्यावर आहे.

कपडे बदलायला वेळ नाही, त्यामुळे घालायचे नाहीत, काढायचे. आत मळका सदरा आणि बांधलेली पट्टी, वर कडक कोट, कोटाला टिचबटणं. पावसाच्या फेऱ्यात दिव्यामागून जाताना एकेकाने कोट काढून खोक्यात टाकायचा. बटणांचा टकटक आवाज डफात लपतो. खोकं वाटेच्या बाहेरच्या कडेला ठेवा, आतल्या कडेला ठेवलेला कोट दिव्यावर पडतो. हॅलोजन तापलेला असतो, कापड त्याच्या दोन फुटांत येता कामा नये; शेजारी एक जण नुसता बसवा, वाळूची बादली घेऊन.

शेवट

जेवणाच्या रांगेत चौदांपैकी सात जण कापडाच्या पुढे येतात, सात मागे फिरत राहतात. पुढच्यांवर उजेड फक्त बाजूंनी, कमरेच्या उंचीवरून. समोरचा एकही दिवा लावू नका, तो कापडावर सांडतो आणि मागची सावली राखाडी होऊन नाहीशी होते. पुढचे सात प्रेक्षकांकडे तोंड करून, हात पसरून थांबतात. बाई मधोमध. शेवटचा सूर तुटल्यावर मागच्यांची पावलं आणखी दोन आवर्तनं चालू ठेवा, मग दिवा बंद, मग पडदा. पडदा हळू, सात-आठ सेकंदांत.

जोड्या परत आणू नका. ‘प्रेक्षकांना जरा बरं वाटू दे’ म्हणून नायक-नायिका हात धरून पुढे आले की मागचा सगळा मोर्चा त्यांच्या लग्नाची वरात होतो.

स्पर्धेत अभिवादन नसतं, तिथे प्रश्न मिटला. एरवी पडदा पडल्यावर दहा सेकंद जाऊ द्या. मग उघडल्यावर सगळे त्याच रांगेत, त्याच कपड्यांत, मॅनेजर आणि बेलिफही रांगेतच. ध्वनिवाल्याच्या लॅपटॉपमध्ये पहिल्या प्रवेशाचं पैशांचं गाणं पुढच्याच ओळीत रांगेला लागलेलं असतं. ती फाइल मध्यंतरातच काढून टाका.